गाडी गरम होते, पण नेमकी कधी?

मे महिन्यातली दुपार आणि खंबाटकीचा चढ. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना अर्धा घाट सरला आणि टेम्परेचरचा काटा मधली रेघ सोडून वर सरकू लागला. पुढं मालानं भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये, मागं रांग, थांबायला जागा नाही. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर आणून ब्लोअर चारवर टाकला, काचा खाली घेतल्या. मागच्या सीटवर आई पदरानं वारा घेत होती. काटा लाल रेघेच्या जरा अलीकडे अडकला आणि माथ्यापर्यंत तसाच राहिला.

ही गाडी त्याआधीच्या दोन महिन्यांत दोनदा गॅरेजला जाऊन आली होती. पहिल्यांदा रेडिएटर बदलला, दुसऱ्यांदा वॉटर पंप. दोन्ही वेळा आठवडाभर बरी चालली, मग पुन्हा तेच. शेवटी दोष निघाला रेडिएटरच्या झाकणात. नवा रेडिएटर बसवताना जुनंच झाकण त्यावर चढवलं होतं. झाकण उलटं धरून आतली रबराची चकती नखानं जराशी ताणली, तर तिच्यात केसाएवढी चीर. दोन-अडीचशे रुपयांचं नवं झाकण लावलं, त्यानंतर ती गाडी कधीच तापली नाही.

तेव्हापासून कुणाचीही गाडी गरम होते म्हटलं की मी आधी बॉनेट उघडत नाही, विचारतो: कधी तापते? सिग्नलला, घाटात, हायवेला, की चालू केल्या केल्या? पाणी कमी होतं का? हीटर लावल्यावर गरम हवा येते का? निम्मं निदान या उत्तरांतच होतं. पार्ट बदलून बघत बसण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी स्वस्त आहे, आणि इंजिनही वाचतं.

आत काय चालतं

पुढं जे करायचं आहे त्यासाठी एवढं डोक्यात असू द्या. इंधनातून निघालेल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणारं द्रव, बाहेर वाहून नेतं. वॉटर पंप (बरेच मेकॅनिक त्याला वॉटर बॉडी म्हणतात) कूलंट इंजिनच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून (ब्लॉकवर बसवलेल्या वरच्या भागातून) फिरवतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. साधारण 82 ते 88 अंशांना ते वितळून फुगतं आणि वॉल्व उघडतं. मग कूलंट रेडिएटरमध्ये जातं, समोरून येणारी हवा ते थंड करते. गाडी उभी असेल तर ही हवा ओढायचं काम फॅन करतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो 95 ते 100 अंशांच्या दरम्यान सुरू होतो.

आता झाकणाचं काम. ते फक्त तोंड बंद करत नाही, ते दाब धरतं. साधारण 0.9 ते 1.1 बार एवढा दाब असतो. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर तर 95-96 लाच. एक बार दाबाखाली तेच पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट असलं तर त्याहूनही पुढं जातं. झाकण दाब सोडतं तेव्हा ही सगळी शिल्लक एका झटक्यात संपते. माझ्या गाडीचं खंबाटकीत हेच होत होतं: दाब नाही, म्हणून कूलंट लवकर उकळायचं, रेडिएटरशेजारच्या बाटलीत फेकलं जायचं, बाटली भरून रस्त्यावर सांडायचं. पाणी कमी, मग आणखी गरम.

रस्त्यात तापली तर

लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ दिसली की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. “एवढा चढ संपू दे, मग बघू” म्हणत गेलेला एक किलोमीटर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) खातो.

काटा नुसता वर चढतोय, अजून लाल झालेला नाही, अशा वेळी एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडा. हीटरची जाळी म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची थोडी उष्णता काढून घेतो. यातून एक महत्त्वाची गोष्टही कळते. काटा वर आहे, हीटर पूर्ण गरमवर आहे आणि तरीही हवा गार येतेय, तर कूलंट हीटरपर्यंत पोहोचतच नाही. ते कमी झालंय किंवा पंप ते फिरवत नाही. अशा वेळी एक मीटरही पुढं जाऊ नका.

काट्यावर आंधळा विश्वास नको. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच तो खरं सांगतो. पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. घाटात काटा अचानक खाली आला म्हणून सुटकेचा श्वास सोडलेली आणि पुढच्या वळणाला इंजिन सीज झालेली माणसं मला माहीत आहेत. अनेक नव्या छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. अशी गाडी असेल तर ओबीडीला (गाडीच्या निदानासाठी दिलेल्या सॉकेटला) लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र घेऊन ठेवा. मोबाइलवर तापमान थेट अंशांत दिसतं. काटा असलेल्या गाड्यांतही तो मुद्दाम मधे स्थिर ठेवलेला असतो. कूलंट 80 अंशांवर असो की 100 वर, काटा तिथंच. आकडा दिसला की गडबड आधी कळते.

झाकण लगेच उघडू नका. दाबाखालचं शंभरच्या वरचं कूलंट झाकण सैल होताच उकळतं आणि फवाऱ्यासारखं तोंडावर येतं. किमान पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप जाड फडक्यानं दाबून बघा. तो टणक असेल तर आत दाब आहे, आणखी थांबा. मऊ झाला की झाकणावर जाड फडकं ठेवून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, सुसकारा पूर्ण थांबू द्या, मग काढा. बॉनेटखाली वाफाळलेल्या इंजिनावर वरून गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनिअमचं हेड वाकडं होतं किंवा तडकतं.

इंजिन गार झाल्यावर पाणी कमी दिसलं तर अडीअडचणीला पिण्याचं बाटलीचं पाणी चालेल. किती लिटर मावलं ते लक्षात ठेवा, निदानाला उपयोगी पडतं. आणि घरी आल्यावर ते पाणी काढून टाकायचं आहे, हेही.

कधी तापते, यावरून काय कळतं

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो: संशय फॅनवर. पळताना हवा आपोआप मिळते, उभं राहिल्यावर फॅनशिवाय कुणी नाही.

उलट, गावात ठीक आणि हायवेला शंभरच्या वेगात किंवा भरलेल्या गाडीनं कसारा, आंबा, कुंभार्ली चढताना तापते: फॅनचा संबंध कमी. इथं कूलंट पुरेसं फिरत नाही, किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. आतून चोंदलेला रेडिएटर, बाहेरून मातीनं बुजलेली जाळी, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, पाती झिजलेला वॉटर पंप, किंवा आतल्या ओढीनं चपटा होणारा खालचा होज. कमजोर झाकणही इथंच उघडं पडतं.

थंड इंजिन चालू केल्यावर पाच-सात मिनिटांत, गाडी जागेवर असतानाच काटा लाल होतो: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, कूलंट फारच कमी आहे, पंप फिरत नाही, किंवा आत हवा अडकली आहे. नुकतंच कूलंट बदललं असेल तर हवेवर माझा पहिला संशय.

कधी तापते, कधी नाही, काही ताळमेळच नाही: वायरिंग, सैल कनेक्टर, चिकटणारा रिले, सेन्सर. किंवा हेड गॅस्केटची सुरुवात. ती आधी अशीच लहरी असते.

आणि एक उलटा आजार: काटा मधेपर्यंत येतच नाही, हिवाळ्यात हीटर कोमट, ॲव्हरेज पडलंय. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय. हाही बिघाडच. त्याबद्दल पुढं.

थंड इंजिनावर अर्धा तास

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना सुरुवात करा. गाडीखाली जमिनीवर जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र आदल्या रात्रीच टाकून ठेवा. गळती असेल तर डाग कुठं पडलाय त्यावरून जागा कळते. एसीचं पाणी बिनरंगी आणि बिनवासाचं असतं. कूलंट रंगीत, बोटांत घेतलं तर जरा बुळबुळीत आणि गोडसर वासाचं.

आता पातळी. दोन प्रकारच्या गाड्या आहेत. काहींत रेडिएटरवरच झाकण असतं आणि शेजारची बाटली फक्त सांडलेलं कूलंट साठवायला असते. काहींत रेडिएटरवर झाकणच नसतं, दाब धरणारी टाकीच वेगळी असते आणि तिचं चाकीसारखं झाकण दाब सांभाळतं. पहिल्या प्रकारात बाटली भरलेली असली तरी रेडिएटर रिकामा असू शकतो. झाकण खराब असेल तर बाटलीतलं कूलंट परत ओढलंच जात नाही. म्हणून थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून बघाच. कूलंट तोंडाशी दिसायला हवं.

झाकण हातात आहे तोवर उलटं करा. रबर कडक, चपटं किंवा चिरलेलं आहे का? मधला छोटा वॉल्व नखानं ओढला तर उघडून परत बसतो का? स्प्रिंग दाबल्यावर उसळते का? शंका असेल तर बदला, आणि त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्याएवढाच हवा. जास्त दाबाचं झाकण लावलं की जुने होज फुटतात.

होज पाइप टोकांकडून दाबत या. भेगा, फुगा, तेलानं फुगलेलं मऊ रबर, क्लिपच्या भोवती पांढरा-हिरवा सुकलेला खार, या खुणा. कूलंट गळतं आणि उष्णतेनं सुकतं, मागं हा खार उरतो. थेंब दिसत नसला तरी वाट दिसते. वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं, सील गेलं की कूलंट तिथून बाहेर येतं. टॉर्च लावून त्याखाली ओघळ बघा. मग पंप फिरवणारा पट्टा: भेगा, चमकणारी पाठ, सैलपणा.

आत पायाखाली पण बघा. डाव्या बाजूच्या सीटसमोरचा गालिचा ओला, काचेवर तेलकट धुकं, गोडसर वास: हीटरची जाळी गळतेय.

बाहेर कुठंच गळती नाही आणि तरी महिन्याला अर्धा लिटर कमी होतं, असं असेल तर कूलंट इंजिनात जळतंय. पेट्रोलमध्ये बहुधा हेड गॅस्केट. डिझेलमध्ये मात्र हेड खोलण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटनं गार करणारा भाग) तपासून घ्या. तो आतून फुटला की कूलंट गुपचूप धुरातून निघून जातं, आणि विनाकारण हेड उतरवलेली बरीच डिझेल इंजिनं असतात.

गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर असेल तर तो सांगेल ते सगळ्यात खरं. हातपंपासारखं यंत्र झाकणाच्या जागी लावतात, झाकणावर लिहिलेला दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा पडतो का ते बघतात. हे यंत्र नसलेल्या ठिकाणी गळती शोधायची म्हणजे अंदाजच.

फॅन

गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागताच रेडिएटरचा फॅन फिरतो. फिरला म्हणजे मोटर आणि तिची वायर शाबूत. मग एसी बंद करून इंजिन गरम होऊ द्या आणि आकडा बघत राहा. 100 पार झालं तरी फॅन गप्प असेल तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर बघायचा.

एसी लावूनही फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले. त्याच बॉक्समधला तसाच दुसरा रिले, हॉर्नचा वगैरे, अदलाबदल करून बघता येतो. तरीही नाही, तर मोटरचा कनेक्टर काढून बॅटरीवरून जाड वायरनं, मधे फ्यूज ठेवून थेट 12 व्होल्ट द्या. फिरली तर दोष वायरिंगमध्ये, नाही फिरली तर मोटरमध्ये. कनेक्टरही उजेडात नीट बघा. वितळलेलं, पिवळं पडलेलं प्लास्टिक म्हणजे तिथं सैल जोड तापतोय. फॅनजवळ हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक फिरतो.

दोन स्पीडच्या फॅनमध्ये रेझिस्टन्स जळतो, पहिला स्पीड जातो, आणि फॅन थेट दुसऱ्या स्पीडला, उशिरा लागतो. लोकांना वाटतं फॅन चालतोय, काहीच बिघडलेलं नाही.

मोटर रिवाइंड करून किंवा वायर जोडून आणली असेल तर दिशा तपासा. वर्तमानपत्राचा कागद जाळीसमोर धरा. तो आत चिकटला पाहिजे. फडफडून बाहेर फेकला गेला तर तारा उलट्या जोडल्या आहेत, फॅन हवेच्या विरुद्ध लढतोय. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कवच तुटलेलं असेल तर तेही परत बसवा. त्याच्याशिवाय फॅन आजूबाजूचीच गरम हवा फिरवत राहतो.

जुन्या डिझेल जीप-पिकअपला पट्ट्यावरचा विस्कस फॅन असतो. इंजिन बंद करून हातानं फिरवा: थंड असताना सहज फिरेल, गरम असताना जरा अडखळत फिरला पाहिजे. गरम इंजिनावरही भिंगरीसारखा गरगरला तर फॅनचा क्लच गेला.

फॅन थेट स्विचवर घेणं, म्हणजे “डायरेक्ट करणं”, हा घरी पोहोचेपर्यंतचा उपाय आहे. वर्षानुवर्षं तसं चालवू नका. एक दिवस स्विच लावायचा राहतोच.

थर्मोस्टॅट, आणि तो काढून टाकण्याबद्दल

थंड इंजिन चालू करा आणि वरच्या होजवर हात ठेवा. काही मिनिटं तो कोमटच राहायला हवा. काटा मधे आल्यावर एकदम गरम होतो: वॉल्व उघडला. सुरुवातीपासूनच हळूहळू गरम होत गेला तर वॉल्व उघडा अडकलाय. काटा लाल झाला आणि होज अजून गारच, तर तो बंद अडकलाय. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतो, तिथं हीच परीक्षा खालच्या होजवर घ्यायची. हात फॅन आणि पट्ट्यापासून लांब ठेवा.

खात्री करायची तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात उकळून बघा. पातेलं जेवणाचं नको, कूलंट विषारी असतं. वॉल्वच्या फटीत दोरा अडकवून थर्मोस्टॅट पाण्यात टांगता ठेवा, तळाला टेकू देऊ नका. थर्मामीटर सोडा, गॅस मंद ठेवा. त्याच्या अंगावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो. त्या सुमाराला वॉल्व उघडू लागतो आणि दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडतो. पुढच्या दहा-पंधरा अंशांत तो पूर्ण उघडायला हवा, साधारण आठ मिलिमीटर. पाणी खदखदतंय आणि वॉल्व जेमतेम नखभर उघडलाय, तर तुमच्या घाटातल्या तापण्याचं कारण सापडलं.

आता मनापासून सांगायची गोष्ट. “आपल्याकडच्या हवेत थर्मोस्टॅटची गरजच नाही” असं म्हणून तो काढून फेकणारे मेकॅनिक आजही गावोगावी आहेत. चांगली, कष्टाळू माणसं असतात, पण हा सल्ला ऐकू नका. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा येतं, ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन थंडच वाटतं, तो जास्त पेट्रोल सोडतो. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि ऑइल नीट गरम न झाल्यानं त्यात पाणी-पेट्रोल साठत राहतं. झीज हळूहळू होते, म्हणून दोष कुणी थर्मोस्टॅटला देत नाही. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो नसला की कूलंट रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं आणि गाडी आणखी तापते. नवा थर्मोस्टॅट गॅस्केट किंवा ओ-रिंगसकट बसवा. त्यावरचं हवेचं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवा.

वॉटर पंप

गळती, बेअरिंगचा आवाज, पुलीला हातानं हलवल्यावर जाणवणारा खेळ, या खुणा सरळ आहेत. फसवतो तो आतून गेलेला पंप: गंजून झिजलेली किंवा शाफ्टवर सैल झालेली पाती. बाहेरून कोरडा, पण कूलंट ढकलत नाही. थर्मोस्टॅट उघडल्यावर, झाकण रेडिएटरवर असलेल्या गाडीत, पंप ठीक असेल तर, तोंडातून आत कूलंट वाहताना दिसतं (थंड असताना झाकण काढून ठेवून इंजिन चालू केलं असेल तरच हे बघायचं, गरम झाल्यावर झाकण उघडून नव्हे). टायमिंग बेल्टवर चालणारा पंप असेल तर बेल्ट बदलतानाच पंपही बदला. मजुरी एकदाच लागते.

रेडिएटर

बाहेरून चोंदणं हे आपल्याकडे फार मोठं कारण आहे आणि ते दिसत नाही, कारण समोर एसीचा कंडेन्सर असतो. घाण अडकते दोघांच्या मधल्या फटीत. उसाच्या ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाड्यांत पाचटाचा भुगा, जिनिंगच्या भागात कापसाचे तंतू, कोकणात पावसाळ्यानंतर लाल माती. वरची पट्टी काढून टॉर्च मारा. एका ओळखीच्याच्या गाडीत या फटीतून मी ओंजळभर चिखल, किडे आणि कापूस काढला होता, आणि समोरून कंडेन्सर आरशासारखा स्वच्छ होता. धुताना पाण्याची धार इंजिनच्या बाजूनं पुढं, म्हणजे घाण आली त्याच्या उलट दिशेनं. सर्व्हिसिंगचा जोरदार प्रेशर जवळून मारू नका, पत्र्याच्या नाजूक पाकळ्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते.

आतलं चोंदणं मुख्यतः बोअरच्या पाण्यामुळं. घरात गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तपासायला गाडी पूर्ण गरम करून इन्फ्रारेड थर्मामीटरनं रेडिएटरचा पृष्ठभाग मोजत जा. कूलंट आत येतं त्या बाजूपासून बाहेर जातं त्या बाजूपर्यंत तापमान हळूहळू उतरायला हवं. मधेच एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा फारच गार लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर उघडून, सळईनं साफ करून पुन्हा झाळता यायचे. आताचे ॲल्युमिनिअमचे, प्लास्टिकच्या टाक्यांचे. ते चोंदले की बदलणं हाच मार्ग.

गळणाऱ्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी युक्ती ट्रक-ड्रायव्हरांकडून सगळ्यांनीच ऐकली असेल. सुईच्या टोकाएवढं भोक ती खरंच बुजवते. पण ती आणि बाजारातली गळती बंद करायची औषधं कोणतं भोक बुजवायचं हे ओळखत नाहीत. हीटरच्या नळ्याच आधी बुजतात. रात्री ताम्हिणीत अडकलात तर वापरा, नंतर सगळं फ्लश करा आणि रेडिएटर दुरुस्त करा.

हेड गॅस्केट

या चार खुणा एकत्र बघा. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज टणक होतो, जेव्हा अजून उष्णतेचा दाब यायला वेळच झालेला नाही. बाटलीत सतत बुडबुडे, रेस केल्यावर वाढणारे. सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर. डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) दुधाळ, कॉफीसारखं ऑइल.

ऑइलच्या झाकणाखाली नुसता पांढरा फेस दिसला म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत दमट हवेचं पाणी तिथं साठतं. डिपस्टिक स्वच्छ असेल तर एक लांब फेरी मारा आणि पुन्हा बघा.

खात्रीसाठी निळ्या द्रवाची परीक्षा आहे. टाकीच्या तोंडावर नळी लावून त्यातली हवा त्या द्रवातून ओढतात. जळलेला वायू असेल तर निळा रंग पेट्रोल इंजिनात पिवळा होतो. हेड खोलण्याचा निर्णय घेण्याआधी ही परीक्षा किंवा कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) मागून घ्या.

हेड उतरवलंच तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. तापून वाकलेलं हेड नव्या गॅस्केटलाही फोडतं. सरळ पट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) सपाटी बघतात. अनेक इंजिनांत 0.05 मिमीच्या आसपासच सूट असते. जास्त वाकलं असेल तर मशीनवर फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं), तडा तपासणी, आणि कंपनीनं सांगितलं असेल तिथं नवे बोल्ट, ठरलेल्या क्रमानं, टॉर्क रेंचनं.

कूलंट बदलणं आणि हवा काढणं

दुरुस्ती कोणतीही झाली तरी शेवट इथं. कूलंट म्हणजे बहुधा इथिलिन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायनं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून साधं पाणी चालतं, असं म्हणणाऱ्यांना या गंजरोधकाचा विसर पडतो. ॲल्युमिनिअमचं हेड, लोखंडी ब्लॉक आणि वॉटर पंपाचं सील यांना तेच जपतं. रंगावरून जात ओळखू नका. हिरवं, लाल, निळं हा ज्याच्या त्याच्या कंपनीचा हिशेब आहे. पुस्तिकेत लिहिलेला प्रकार घ्या, दोन प्रकार मिसळू नका. डब्यावर रेडी-मिक्स आहे की कॉन्सन्ट्रेट हे वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत घालतो ते पाणी. पूर्ण कॉन्सन्ट्रेट ओतलं तर उष्णता उलट कमी वाहून नेली जाते. छोट्या गाडीला एकूण चार ते सहा लिटर लागतं.

इंजिन पूर्ण थंड असताना खाली घमेलं ठेवून रेडिएटरचा ड्रेन कॉक किंवा खालचा होज सोडा. गंजाळ पाणी आलं तर डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटर गरमवर ठेवून, इंजिन फॅन लागेपर्यंत चालवा, गार होऊ द्या, पुन्हा सोडा. स्वच्छ येईपर्यंत.

भरताना गाडीचं तोंड चढाकडे, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येईल. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर कमी. हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा आणि त्यातून सलग धार येईपर्यंत हळूहळू ओता. घाई केली की हवा अडकते. मधूनमधून वरचा होज दाबत राहा, बुडबुडे येतील. झाकण काढलेलंच ठेवून इंजिन चालू करा, पातळी खाली जाईल तसं भरत राहा. कूलंट वर चढू लागलं की लगेच झाकण लावा. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून खणखणीत गरम हवा आली पाहिजे. कोमट असेल किंवा डॅशबोर्डमागं पाणी खळखळतंय असा आवाज येत असेल तर हवा अजून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पुन्हा बघा, पाव-अर्धा लिटर हमखास बसतं.

काढलेलं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांचा जीव घेतं. लहान मुलांपासूनही तितकंच जपा. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर “विषारी” लिहून, जुनं ऑइल घेणाऱ्या वर्कशॉपमध्ये द्या.

मग बाटलीवर थंड पातळीशी मार्करनं एक रेघ मारा, तारीख टाका, आणि पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी ती रेघ बघा.